विषय क्रमांक ३१: दर तोच, माप वेगळं

बाजार फी आधी १० रुपये होती आणि ठरावानंतरही ती १० रुपयेच राहणार होती. तरी मेथी-कोथिंबिरीची एक पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला ३० रुपये मोजावे लागणार होते. सातारा जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव बहुमताने मंजूर झाला. सभेपुढे जी कार्यालयीन टिप्पणी होती, तिच्यात 'दरात कोणतीही वाढ नाही' असं वाक्य होतं. ते वाक्य माझ्या हातचं.

तेव्हा माझ्याकडे सभेचं टेबल होतं. विषयपत्रिका काढायची, ती सदस्यांना पोचवायची, सभेत बसून टिपणं घ्यायची, ठराव लिहायचे आणि इतिवृत्त तयार करायचं, हे माझं काम. गावाचं नाव देत नाही आणि माणसांचीही नाही, कारण ती सगळी आजही त्याच गावात राहतात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर जिल्ह्यातल्या नगरपालिकांत चार वर्षांनी पुन्हा निवडून आलेली सभागृहं बसली. पहिल्यांदा निवडून आलेले काही नगरसेवक आणि सभेच्या टेबलावर नव्याने आलेली मुलं विचारतात, की एवढ्या विषयांत लक्ष ठेवायचं कुठे? त्यांच्यासाठी हे प्रकरण जसं घडलं तसं लिहितो आहे.

४६ विषयांची पत्रिका

आपल्या जिल्ह्याला नगरपालिका नवी नाही. १८५० च्या कायद्याखाली सातारा आणि रहिमतपूरला १८५३ मध्ये, वाई आणि कराडला १८५५ मध्ये नगरपालिका आल्या. आजचा कारभार १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमावर चालतो. त्याच्या कलम ८१ मध्ये सभेचे नियम आहेत. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, आणि तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी सदस्याच्या हातात पडायला हवी. हे सात दिवस कायद्याने कशासाठी दिले, तर सदस्याने पत्रिका वाचावी, कार्यालयात येऊन फाइल मागावी, चार लोकांना विचारावं यासाठी. प्रत्यक्षात शिपाई पोचबुकावर सही घेऊन पाकीट देतो, आणि बहुतेक पाकिटं सभेच्या दिवशी सभागृहातच फुटतात. मी स्वतः पाहिलेलं सांगतो.

आमच्या सभागृहात १७ नगरसेवक होते. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, त्यामुळे बऱ्याच गावांत झालं तसं आमच्याकडेही नगराध्यक्ष एका आघाडीचे आणि बहुमत दुसऱ्या आघाडीचं. अशा ठिकाणी सभा वादळी होतात असा लोकांचा समज असतो. वाद होतातही, पण ते चौकाच्या नामकरणावर, उद्घाटनाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावर. खर्चाचे आणि वसुलीचे नेहमीचे विषय दोन्ही बाजूंच्या गटनेत्यांनी आदल्या संध्याकाळी बसून ठरवलेले असतात. त्यात दर वेळी काही काळंबेरं असतं असं अजिबात नाही. ४६ विषय एका दुपारी संपवायचे तर आधी बोलून घ्यावंच लागतं. पण त्या बैठकीत विषयाचं फक्त शीर्षक वाचलं जातं, फाइल उघडली जात नाही. हे प्रकरण घडलं ते त्यामुळेच.

त्या फेब्रुवारीतल्या पत्रिकेवर काय होतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. जलशुद्धीकरणासाठी तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर खरेदी. दोन पंपांच्या दुरुस्तीला कार्योत्तर मंजुरी. घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ. पथदिव्यांचं साहित्य. चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून गटारं आणि रस्ते. दलित वस्ती सुधार योजनेतली कामं. आणि मग, अकराव्या पानावर:

'विषय क्र. ३१ : आगामी आर्थिक वर्षाकरिता दैनंदिन व आठवडा बाजार बैठक फी वसुलीचा ठेका देणेकामी प्राप्त निविदांचा विचार करून निर्णय घेणे.'

दरवर्षी येणारा विषय. १ एप्रिलपासून ठेका सुरू होतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या सभेत तो घ्यावाच लागतो. ठेकेदार वर्षभराची एकठोक रक्कम नगरपालिकेला देतो आणि बाजारात बसणाऱ्यांकडून पावत्या फाडून ती वसूल करतो. ज्याची बोली सर्वांत जास्त, त्याला ठेका.

एक शब्द कुठून आला

आधीच्या वर्षांच्या दरपत्रकात तीन ओळी होत्या. पाटी किंवा छोटी बैठक १० रुपये, हातगाडी २० रुपये, पाल मारून बसणारे कापड-भांडीवाले ५० रुपये. दर बाजारी, पावतीसह.

त्या वर्षी निविदा ऑनलाइन काढायची होती. बाजार विभागातल्या मुलाने दुसऱ्या एका नगरपालिकेचा निविदा नमुना समोर ठेवला आणि आपला मसुदा त्यावर बेतला. त्या नमुन्यात दर 'प्रति चौरस मीटर किंवा त्याच्या भागास' असा होता. त्याने आकडा आमचा घातला, १० रुपये. माप मात्र नमुन्यातलंच राहिलं. तीन ओळींची एक ओळ झाली. त्याला ते सुटसुटीत वाटलं असणार; कागदावर ते सुटसुटीत दिसतंही. मसुदा लेखा विभागातून गेला, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने गेला, निविदा प्रसिद्ध झाली, तीन बोली आल्या. सर्वांत मोठी बोली गेल्या वर्षापेक्षा बरीच जास्त होती. आम्हाला आनंद झाला. उत्पन्न वाढलं, असंच सगळ्यांना वाटलं.

माझ्याकडे फाइल आली ती टिप्पणीसाठी. मी जुना दर पाहिला, १०. नवा दर पाहिला, १०. आणि लिहिलं, 'दरात कोणतीही वाढ नाही. प्राप्त बोली मागील वर्षापेक्षा जास्त असल्याने स्वीकारणेस हरकत नाही.' दर तोच असताना बोली एवढी वाढते कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. ठेकेदाराने दरपत्रक नीट वाचलं होतं, बाजार मनातल्या मनात मोजला होता, आणि त्याप्रमाणे बोली लावली होती. त्यात त्याची लबाडी काही नव्हती. कागदावर जे लिहिलं होतं ते त्याने वाचलं. आम्ही वाचलं नाही.

सभागृहात

दुपारी सव्वा वाजता सभा सुरू झाली. आधी शोकप्रस्ताव, दोन मिनिटं स्तब्धता. मग अभिनंदनाचे ठराव. इतिवृत्त कायम. त्यानंतर नेहमीचा वेग. मी विषय वाचायचा, समोरून 'मंजूर, मंजूर' यायचं, सूचक-अनुमोदकांची नावं मी गटनेत्याकडे बघून लिहून घ्यायचो. पंपाच्या विषयावर थोडी चकमक झाली, मग एका रस्त्याच्या नावावरून अर्धा तास गेला. ३१ व्या विषयाला पोचलो तेव्हा चहा येऊन गेला होता.

विषय वाचून झाला. 'मंजूर' आला. मी पुढचा विषय वाचायला घेणार तोच मंडईच्या बाजूच्या प्रभागातल्या नगरसेविका उठल्या. पहिलीच टर्म, वर्षभरात सभेत दोनदा बोलल्या असतील. त्यांच्या हातात निविदेची प्रत होती. आदल्या दिवशी त्या बाजार विभागात येऊन ती मागून घेऊन गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"साहेब, पाटी गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही कळलं नाही. मुख्याधिकारी म्हणाले, "ताई, दर तोच आहे, दहा रुपये."

"दर तोच आहे हो. पण आधी पाटीला दहा होते. आता चौरस मीटरला दहा. बाई बसते ती पाटीवर बसत नाही, बारदान अंथरून बसते. बारदान किती चौरस मीटरचं असतं?"

सभागृहात कुणी हसलं नाही, पण कुणाला उत्तरही देता येईना. बहुमताच्या आघाडीचे गटनेते, म्हणजे त्यांच्याच आघाडीचे, खालच्या आवाजात म्हणाले, "अहो ताई, बसा, ते नंतर बघू, ठेकेदाराला सांगू आपण." त्या बसल्या नाहीत. त्यांनी उपसूचना मांडली: दर पूर्वीप्रमाणे पाटी, हातगाडी आणि पाल असा ठेवावा. उपसूचनेला अनुमोदक लागतो. त्यांच्या आघाडीतून कुणी हात वर केला नाही. काही क्षण गेले. मग समोरच्या बाकावरचे, नगराध्यक्षांच्या आघाडीतले एक जुने सदस्य उठले आणि म्हणाले, "माझं अनुमोदन लिहा." एक स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले, निवृत्त शिक्षक, बोलायला उभे राहिले. स्वीकृत सदस्याला मत नसतं, बोलता मात्र येतं. ते एवढंच म्हणाले, की बाजारात सर्वांत लहान माणसाला सर्वांत जास्त वाढ होतेय का, ते आधी मोजून बघा.

मुख्याधिकाऱ्यांची अडचण खरी होती, आणि ती त्यांनी स्पष्ट मांडली. निविदा उघडून झाल्यावर तिच्या अटी बदलता येत नाहीत. ठेकेदाराने एका मापावर बोली लावली आणि ठराव दुसऱ्या मापावर केला, तर तो उद्या न्यायालयात जाईल आणि त्याचंच बरोबर ठरेल. म्हणजे उपसूचना जशी मांडली होती तशी ती मंजूर करण्यासारखी नव्हतीच. निविदा स्वीकारायची किंवा सरळ नाकारायची, एवढेच दोन रस्ते. नाकारली तर १ एप्रिलला वसुली करणार कोण?

नगराध्यक्षांनी मतदान घेतलं. उपसूचनेच्या बाजूने ५ हात, विरोधात १०. दोघे गैरहजर. मूळ विषय बहुमताने मंजूर.

नगरसेविका परत उठल्या. "माझा विरोध नोंदवून घ्या. आणि माझा प्रश्न पण लिहा, बारदान किती चौरस मीटरचं असतं."

इतिवृत्तातली ओळ

ठरावाची भाषा आमच्याकडे पिढ्यानपिढ्या ठरलेली आहे. 'सदर विषयाबाबत सभागृहात सविस्तर चर्चा होऊन असे ठरले की...' तुरटीच्या खरेदीवर एक शब्दही बोलला गेला नसला तरी ठरावात 'सविस्तर चर्चा होऊन' असतंच. मीही वर्षानुवर्षं ते लिहिलं. त्या संध्याकाळी ३१ व्या विषयाचा ठराव लिहायला बसलो तेव्हा ते शब्द मला लिहवेनात. चर्चा झाली होती, पण जिच्यावर निर्णय अवलंबून होता ती गोष्ट सभागृहात कुणालाच माहीत नव्हती. मलाही नव्हती.

रात्री एका सदस्याचा फोन आला. "विरोध झाला एवढं लिहा. प्रश्नबिश्न इतिवृत्तात कशाला?" मी म्हणालो, सदस्याने नोंद मागितली आहे, सभा चालू असताना मागितली आहे, ती लिहावी लागेल. त्यांनी ताणलं नाही. मी नगरसेविकेचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवलं, अनुमोदकाचं नाव लिहिलं, कोणी कोणत्या बाजूने मत दिलं ती नावं लिहिली आणि मुख्याधिकाऱ्यांनी दिलेलं स्पष्टीकरणही लिहिलं. इतिवृत्ताचा अर्ध्याहून जास्त कागद त्या एका विषयाने घेतला.

नव्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. नगरपालिकेच्या ठरावांच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयाला जातात. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताच्या विरोधात वाटला, तर त्याच १९६५ च्या अधिनियमातल्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण साताऱ्यात टेबलावर बसून तो ठराव वाचणाऱ्या माणसाला सभागृहात काय घडलं ते इतिवृत्तातूनच दिसतं. तिथे 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते' एवढंच असेल, तर त्याला थांबण्यासारखं काही सापडत नाही.

टेप घेऊन बाजारात

दुसऱ्या दिवशी नगरसेविका कार्यालयात आल्या. "आता काय करता येतं?"

कर्मचाऱ्याने कोणाच्या बाजूने पडू नये, हे मला पटतं. पण सदस्याने कायदा विचारला तर कलम उघडून दाखवणं हे बाजू घेणं होत नाही. दोन्ही आघाड्यांपैकी कुणीही आलं असतं तरी मी तेच दाखवलं असतं. कलम ८१ उघडलं. एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर नगराध्यक्षांना पंधरा दिवसांत विशेष सभा बोलवावी लागते. १७ चे एक चतुर्थांश म्हणजे सव्वाचार, म्हणून पाच सह्या. आदल्या दिवशी पाचच हात वर झाले होते. पण पुढे दुसरी अट होती. झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा, तर एकूण सदस्यांपैकी निम्म्यांचा तरी पाठिंबा लागतो, आणि कोणता ठराव बदलायचा ते नोटिशीत पूर्ण द्यावं लागतं. म्हणजे नऊ. चार कमी पडत होते.

त्यांनी अर्ज दिला आणि त्यात स्थळपाहणीची मागणी केली. मुख्याधिकाऱ्यांनी ती लगेच मान्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसरा एखादा अधिकारी फाइल दडपून बसला असता. त्यांनी मला आणि बाजार विभागातल्या त्याच मुलाला पाठवलं. "जे सापडेल ते लिहा," एवढंच सांगितलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी साडेसातला गेलो. पन्नास फुटी टेप, वही, पेन. पाच-सहा कोसांवरून पहिल्या एसटीने आलेल्या बाया अजून माल मांडत होत्या. पहिली जी भेटली ती सत्तरीची असेल. खताची दोन पोती उसवून, सुतळीने एकत्र शिवून केलेलं बारदान. वर एका बाजूला मेथीच्या पेंढ्या, मधे कोथिंबीर, कडेला वाटीत लिंबं. मागे ती बसलेली, आणि तिच्या मागे रिकामी पाटी पालथी घातलेली. मी टेपचं टोक मुलाच्या हातात दिलं तशी ती थबकली.

"काय मोजताय सायेब? उठवताय का काय आमास्नी?"

"नाही मावशी, कोण उठवत नाही. नुसतं बारदान मोजतोय."

"बारदानाचं काय मोजायचं? त्यात मेथीच हाय."

लांबी सहा फूट, रुंदी चार फूट. २४ चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, म्हणून २.२३ चौरस मीटर. आणि दरपत्रकात 'किंवा त्याच्या भागास' असल्यामुळे वरचे .२३ पूर्ण एक धरायचे. तीन. ३० रुपये. तिच्या सगळ्या मेथीचे त्या दिवशी किती येणार होते, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तिच्यापुढे वीस पावलांवर केळीची हातगाडी होती. सहा फूट बाय तीन फूट, १८ चौरस फूट, १.६७ चौरस मीटर, म्हणजे दोन. २० रुपये. आधीही २०. एक पैसा वाढला नव्हता. पुढे कापडवाल्याचं पाल, दहा बाय दहा, १०० चौरस फूट, ९.२९, म्हणजे दहा. १०० रुपये, आधी ५०.

हातगाडीवर माल रचलेला असतो, एकावर एक. ती उभी जागा वापरते. पाल मारणारा दोरीवर कपडे टांगतो. भाजीवाल्या बाईचा सगळा माल जमिनीवर पसरलेला असतो, कारण पालेभाजी एकावर एक रचली की दहा वाजेपर्यंत काळी पडते. जागेवर फी लावली की ती सर्वांत जास्त कुणावर बसणार, हे तिथे उभं राहिल्यावर कुणालाही दिसलं असतं. तो मुलगा, ज्याने मसुदा केला होता, वही बंद करून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझी आजी अशीच बसायची." आम्ही दोघांनी मिळून त्या सकाळी साठ बैठका मोजल्या.

टिप्पणी मी त्याच रात्री लिहिली. शब्द फार घातले नाहीत. एक तक्ता केला: बैठकीचा प्रकार, मोजलेलं माप, जुनी फी, नवी फी, कितीपट. आणि खाली एक वाक्य: 'दिनांक ... रोजीच्या टिप्पणीत दरात वाढ नाही असे नमूद केले होते, ते चुकीचे होते. परिमाण बदलल्याने फीमध्ये वरीलप्रमाणे वाढ होते.' स्वतःची टिप्पणी चुकीची होती असं सहीनिशी लिहिताना हात जड झाला. तीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच लिहिलं.

आणखी एक गोष्ट त्या टिप्पणीत घातली, जी खरं तर मसुद्याच्या आधीच व्हायला हवी होती. पथविक्रेत्यांचा केंद्राचा कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक गावात नगर पथविक्रेता समिती असायला हवी, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला. अशा समितीपुढे हा मसुदा नुसता वाचला गेला असता, तरी 'पाटी गेली कुठे' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता. आमच्या गावात समिती कागदावर होती. बैठक झालेली नव्हती.

विशेष सभा

मार्चच्या मध्याला विशेष सभा झाली. विषय एकच. तक्ता सगळ्यांच्या हातात होता, आणि या वेळी पाकिटं फोडलेली दिसत होती. मधल्या दिवसांत बाजारात बसणाऱ्या बाया काही नगरसेवकांच्या दारात जाऊन आल्या होत्या; मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या, घरी जाऊन बोलल्या होत्या एवढंच. त्यांचंही वजन पडलं असणार. पण माझ्या मते सभागृह फिरलं ते तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यामुळे. हातगाडी, एकपट. पाल, दुप्पट. बारदान, तिप्पट. फेब्रुवारीत विरोधात हात वर करणारे एक सदस्य उभे राहून म्हणाले, "मला हे माहीत असतं तर मी तेव्हाच हात वर केला नसता." त्यात त्यांनी काही कमीपणा मानला नाही, आणि मला त्यांचा आदर वाटला.

मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा तेच सांगितलं: अट बदलता येत नाही, निविदा मात्र नाकारता येते. कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवल्याची अट निविदा सूचनेत होती, आणि करारनामा अजून झाला नव्हता. एकदा स्टँप पेपरवर सह्या झाल्या असत्या, तर हा रस्ताही बंद झाला असता. ठराव असा झाला: आधीचा ठराव रद्द, निविदा रद्द, बयाणा रक्कम परत, जुन्या तीन ओळींच्या दरपत्रकावर फेरनिविदा, आणि नवा ठेका होईपर्यंत खात्यामार्फत वसुली. बाजूने ११, विरोधात ४, दोघे तटस्थ.

ठेकेदार दोन दिवस कार्यालयात येऊन रागावला. कोर्टात जाईन म्हणाला. गेला नाही.

यात नगरपालिकेचं नुकसान झालं, आणि ते लपवायचं कारण नाही. एप्रिलभर दोन लिपिक आणि तीन शिपाई बाजारात पावत्या फाडत होतो, मीही होतो. कर वसुलीचं काम मागे पडलं. फेरनिविदेची बोली पहिल्या बोलीपेक्षा कमी आली. पुढच्या सर्वसाधारण सभेत एका सदस्याने उभं राहून सांगितलं, की एका बारदानापायी नगरपालिकेचं उत्पन्न बुडालं, आणि त्याची जबाबदारी कार्यालयावर आहे. तेही मी इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

त्यांच्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बाजार फी वाढवायचा अधिकार सभागृहाला आहे. मंडईत पाण्याचा नळ हवा, संडास हवेत, दिवे हवेत. त्याला पैसा लागतो, तो कुठून तरी यायला हवा. उद्या सभागृहाने समजून उमजून ठरवलं की पाटीला २० रुपये, तर मी तो ठराव निमूटपणे लिहीन. फेब्रुवारीत मात्र सभागृहाने फी वाढवायचं ठरवलंच नव्हतं. ती वाढ एका नमुन्यातून आली होती, माझ्या टिप्पणीने झाकली होती, आणि सतरा जणांपैकी सोळा जणांना ती झाल्याचंही माहीत नव्हतं. त्यातून येणारा पैसा नगरपालिकेचं उत्पन्न म्हणून मोजायला माझं मन अजूनही तयार होत नाही.

फेरनिविदेच्या दरपत्रकात पाटीच्या ओळीखाली एक व्याख्या आली: 'एक बैठक म्हणजे सहा फूट बाय चार फुटांपर्यंतची जागा.' नगरसेविकेनेच ती सुचवली. पुढे कधी पाटी या शब्दावरून वाद नको, आणि ठेकेदाराच्या पोरांनी दोन पाट्या बघून दोन पावत्या फाडायला नकोत, म्हणून. आणि कार्यालयीन टिप्पणीच्या नमुन्यात आम्ही दोन रकाने वाढवले, 'मागील परिमाण' आणि 'प्रस्तावित परिमाण'. दर असलेल्या प्रत्येक विषयाला ते भरायचे, मग तो बाजार असो, पाणीपट्टी असो, की सभागृहाचं भाडं.

२०२१ च्या अखेरीस सभागृहाची मुदत संपली आणि त्याच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक आले. सभा बंद झाल्या. बाजार फीचा विषय तेव्हाही दरवर्षी निघायचा, पण तो वाचून दाखवायला समोर कुणी नसायचं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची आणि एका सहीने प्रशासकीय ठराव व्हायचा. निवृत्त झाल्यावर एकदा पेन्शनच्या कामाला गेलो होतो तेव्हा सभेच्या टेबलावर आता बसणाऱ्या मुलीने मला ती फाइल दाखवली. टिप्पणीत दोन्ही रकाने होते. पहिल्यात 'बैठक, ६ फूट बाय ४ फूट.' दुसऱ्यातही तेच, आणि शेजारी पेन्सिलने तिची बारीक खूण: 'मूळ निविदेशी ताडून पाहिले.'